भाता फाटला नव्हता

भाता फाटला नव्हता. मी तो विळ्यानं कापला.

हे आधी लिहून टाकतो. कारण रब्बीच्या ज्वारीबद्दल लिहायला बसलं की माणूस भरकटतो. दवानं ओली झालेली पानं, हुरड्याच्या आगटीचा धूर, करडईची पिवळीजर्द फुलं, असं एकेक आठवायला लागतं, आणि त्या सुंदर गोष्टींच्या आड आपलं नको ते झाकून ठेवता येतं. मी बरीच वर्षं तेच केलं. ज्वारी हुरड्यावर आली की लोकांना गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि गरम दाणे आठवतात. मला रबराचा वास आठवतो. कुणी विचारलं तर मात्र मी हुरड्याबद्दलच बोलायचो.

यंदा तसं करणार नाही.

आमचं रान मांजरसुंब्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. वरची माती काळी, पण कुदळ जरा खोल गेली की मुरूम लागतो. ज्वारी तिथंही येते. तिला पावसाचं काही मागणं नसतं, थंडी आणि दव मिळालं की ती खूश. सध्या ती पोटरीतून बाहेर पडून कणसात दूध धरते आहे. सकाळी वावरात शिरलो की विजार गुडघ्यापर्यंत भिजते, पानांच्या कडा हाताला चरचरतात आणि ताटांमधून गोडसर, कच्च्या पिठासारखा वास येतो. खालून, चौकातून घाटाला लागलेल्या ट्रकांचे गिअर बदलल्याचे आवाज वर येतात. ट्रक दिसत नाहीत, नुसती त्यांची धाप ऐकू येते. बाकी शांत.

अशाच एखाद्या शांत सकाळी वावराच्या मधोमध मोठं खळं पडलेलं दिसतं. ताटं मुळापासून आडवी, कणसं चघळून थुंकलेली, जमीन नांगर फिरवल्यासारखी उकरलेली. रानडुकरं येऊन गेलेली असतात.

मुकं जनावर आहे, पोटासाठी करतं, असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. खरंच आहे ते. पण आडव्या झालेल्या ताटांमध्ये उभं राहून ते खरं वाटून घेणं अवघड असतं. डुकरानं खाल्लं त्याचा तेवढा राग येत नाही. खाल्लं त्याच्या तिप्पट लोळून नासवलं, त्याचा येतो. तो राग मला तेव्हा आला होता, यंदाही आला. त्या रागाची मी माफी मागणार नाही. माफी कशाची मागायची आणि कशाची नाही, हे मला फार उशिरा कळलं आहे, आणि आता त्यात मी कुणाचा सल्ला घेणार नाही.

भाता कापला त्या वर्षी डुकरांवर आम्ही सगळे उपाय करून बघितले होते. ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी पेरल्या. सलूनमधून केसांची पोती आणून बांधावर पसरली. जुन्या साड्या खुंटांना बांधून वावराभोवती फिरवल्या. त्यात सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्या माहेरची जांभळी साडी दिली होती. पहिल्याच आठवड्यात डुकरांनी ती ओढून नेली. सुमन म्हणाली, कुण्या डुकरिणीच्या घरी कार्य असंल. ती हसली, मी हसलो नाही.

रफिक मात्र पोट धरून हसला होता.

रफिकचं पंक्चरचं दुकान मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्याला लागून आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच वेळी शाळा सोडली. त्याच्या घरात कुणी कधी शेती केली नाही, पण ज्वारीच्या दिवसांत तो माझ्यापेक्षा जास्त माझ्या रानात असायचा. दुपार कलली की दुकान भावाच्या हवाली करून टेकडी चढून यायचा. हाताला ग्रीस, खिशात सोल्युशनची ट्यूब. बांधावर बसून पाखरांवर गोफण फिरवायचा, आणि पाखरं उडाली की माझ्याकडे असा बघायचा की जणू ही ज्वारी त्याचीच आहे आणि मला राखणीला ठेवलंय. हुरड्याचं पहिलं कणीस आगटीतून त्याच्याच हातात पडायचं. तसं ठरलेलं नव्हतं, पडायचं.

फटाक्यांचा काही उपयोग नाही, असं त्याचं मत होतं. दोनदा वाजवले की डुकरं भितात, तिसऱ्यांदा त्यांना वाटतं जेवायला बोलावलंय. धनुष्याची कल्पना त्यानंच काढली. वावराच्या कोपऱ्यावर मोठा कडुलिंब आहे, त्याच्या दुबेळक्यावर, म्हणजे खोडाला दोन फांद्या फुटतात तिथं, आम्ही बाजेएवढं मचाण बांधलं. धनुष्य मी वेळूच्या कांबीचं केलं. बाण त्यानं केले. वेळूची सरळ काडी, आणि टोकाला टायरच्या जाड रबराचा आवळ्याएवढा गोळा. असा बाण बरगडीत बसला की डुकराला रट्टा बसल्यासारखं वाटावं आणि त्यानं पळून जावं; जखम होऊ नये.

“मारायचं न्हाई, हाकलायचं,” रफिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं. “मेल्यालं डुकर टाकणार कुणाच्या दारात हाईस? माझ्या तर न्हाईच बे.”

आम्ही हसलो. मग तो न हसता म्हणाला, “आन वनखात्याची माणसं आली, तर तुज्या रानात यायच्या आदी माझ्या दुकानात येत्याल. ते ध्यानात ठेव.”

मी ठेवतो म्हणालो.

माझ्या लेखी त्या हंगामातले सगळ्यात चांगले दिवस ते. थंडी हाडात शिरायला लागली होती, सुमन चहाची किटली घेऊन बांधावर यायची, आणि आम्ही दोघं मोठी माणसं एका गोष्टीवर हातघाईवर यायचो: मचाणावर बसायचं तर बाण ठेवायचे कुठं? ऐकायला पोरखेळ वाटेल. पण झाडावर बसलेल्या माणसाला जागा कमी आणि वेळ त्याहून कमी असतो. डुक्कर करडईच्या ओळीशी थबकतं, नाक वर करतं, तेवढाच काय तो अवकाश. तेवढ्यात बाण हाताशी हवा, काडीला काडी वाजायला नको आणि हात फार हलायला नको.

कमरेला बांधून बघितले, तर शिडी चढताना मांडीत घुसायचे. मी कडब्याची पेंढी फांदीला बांधून तिच्यात बाण खोचून ठेवावेत म्हणालो. पण एक बाण उपसला की अख्खी पेंढी सळसळायची. मग रफिकनं भाता केला. ट्रकच्या ट्यूबचा हातभर तुकडा, तळाला रबराची चकती, सोल्युशननं चिकटवून वर दाभणानं शिवलेली. तोंड बंद करायला रबराचीच पट्टी. पहिला भाता फसला होता. तोंड इतकं आवळ झालं की बाण ओढला तर अख्खा भाताच हातात यायचा. मी त्याला म्हणालो, डुकराला भाताच फेकून मारू. त्यानं दुसरा केला. तो बिनचूक होता.

पण तो वापरायचा कसा, यावर आमचं जमेना. त्याचं म्हणणं साधं होतं. चढताना अंगावर एकही बाण नको. भात्याचं तोंड बांधायचं, त्याला दोरी लावायची, तो खाली ठेवायचा. आपण मोकळ्या अंगानं वर जायचं, बूड टेकायचं, मग दोरी ओढून भाता वर घ्यायचा आणि उजव्या हाताच्या फांदीला लटकवायचा. हात नुसता खाली सोडला की बाण बोटात.

मला तो पाठीवर हवा होता.

आता विचार केला तर हसू येतं, पण त्यामागं काय होतं ते मला सांगायचं आहे. ज्यानं त्यानं आमच्यावरून चालून जावं, असं ते वर्ष होतं. आभाळ, डुकरं, बाजारातला व्यापारी, सगळ्यांपुढं मी मान खाली घालून उभा होतो. धनुष्य हातात घेऊन, पाठीवर भाता बांधून वावराच्या बांधावर उभा राहिलो की मला पहिल्यांदा मी कुणीतरी आहे असं वाटायचं. दोरीनं भाता वर ओढायचा म्हणजे विहिरीतून बादली शेंदल्यासारखं. त्यात कसला रुबाब?

“मचाणावर तुजी पाठ खोडाला टेकणार,” रफिक म्हणायचा. “मग पाठीमागचा बाण काढणार कसा? लिंबाला सरक म्हणणार?”

“जत्रंतल्या सोंगात राजा कसा शोभतो, बघितलाईस का?”

“राजे झाडावर चढत नसत्यात बे.”

सुमन हसून किटली उचलायची. वाद दुसऱ्या दिवसावर जायचा.

त्याच दिवसांत एका दुपारी, घरी कुणी नसताना, मी मोडक्या खुरप्याचं पातं उंबऱ्याबाहेरच्या दगडावर घासलं, एका बाणाचा रबरी गोळा काढला आणि त्या जागी ते पातं तारेनं आवळून बसवलं. आदल्या दिवशी डुकरांनी वावराची वरची कड झोपवली होती. हाकलायचं एवढंच ठरलं होतं, हे मला माहीत होतं. रफिक का तसं म्हणाला होता, तेही. तरी तो बाण मी रबरी बाणांच्या मध्ये, खाली टोक करून ठेवला आणि भात्याची पट्टी ओढली. वरून सगळ्या काड्या सारख्याच दिसत होत्या.

ती संध्याकाळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. सूर्य डोंगराच्या काठाला टेकला होता आणि करडईच्या फुलांवर तांबूस उजेड पडला होता. भोरड्यांचा थवा ज्वारीवरून उठून सगळा एकदम वळला. मी भाता पाठीवर अडकवला आणि पट्टी सोडून ठेवली, कारण पाठीमागं हात नेऊन ती सोडता येणार नव्हती. रफिक म्हणाला, दोरी आणलीय, लाव. मी म्हणालो, आज माझ्या मनासारखं होऊ दे. त्यानं खांदे उडवले आणि शिडी धरली. त्याच्या डाव्या हातात धनुष्य होतं, ते तो मला नंतर वर देणार होता. शिडीवर त्याचा उजवा हात होता.

दुबेळक्याशी वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी वाकलो. एका फांदीनं भाता मागून उचलला आणि तो माझ्या खांद्यावरून पुढं आला, तोंड खाली करून. बाण सांडले, हवेतच टोकाच्या वजनानं उलटले. रबरी बाण पडल्याचा आवाज मला अजून येतो, टप टप, एखादं फळझाड हलवल्यासारखा. मला तर हसू आलं होतं. मग खालून रफिकची शिवी आली नाही, म्हणून मी खाली बघितलं.

बाण त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, मांसात उभा होता. रफिकनं आरडाओरडा केला नाही. तो हाताकडं बघतच नव्हता. तो त्या बाणाच्या टोकाकडं बघत होता, रबराचा गोळा जिथं असायला हवा होता तिथं.

“ह्यो कुठून आला बे?” त्यानं अगदी हळू विचारलं.

मी म्हणालो, “म्हाईत न्हाई.”

मोटारसायकलवर मागं बसवून, हाताला गमछा गुंडाळून त्याला बीडला नेलं. डॉक्टरांनी कसं लागलं ते विचारलं. रफिकच बोलला. शेतात खुरपं लागलं, म्हणाला. एका अर्थी ते खरंच होतं, आणि त्या खऱ्यामुळं माझ्यावरची पोलिसांची भानगड टळली. टाके पडत असताना तो छताकडं बघत होता. माझ्याकडं नाही.

मी परत आलो तेव्हा सुमन वाटेत कंदील घेऊन उभी होती, आणि रफिकच्या हातात लोखंडी बाण घुसल्याचं ऐकून गावातली माणसं लिंबाकडं यायला निघाली आहेत, असं तिनं सांगितलं. मी पुढं गेलो. भाता शिडीखाली पडलेला होता. धडधाकट. दाभणाचा एक टाकाही सुटला नव्हता. तो तसाच सापडला असता, तर मी काय सांगणार होतो? पाठीवर बांधू नको म्हणून मला सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही, हे? लोखंडी बाण मी चोरून ठेवला, हे? कडबा कापायचा विळा लिंबाला टोचलेला होता. मी तो उपसला आणि भाता तोंडापासून खाली उभा चिरला. रबर सहज कापलं जात नाही. जोर लावावा लागला. तो जोर मी लावला.

आबा सगळ्यात पुढं होते. आबा म्हणजे माझे चुलतभाऊ, वयानं बरेच मोठे, गावात त्यांच्या शब्दाला मान. मी त्यांना चिरलेला भाता दाखवला, म्हणालो, भाता फाटला आणि बाण सांडले. त्यांनी तो उलटासुलटा केला.

“आन लोखंडी बाण कुणाचा हुता?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “भाता रफिकनं केलता.”

प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. पण उत्तर झालं होतं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या, आणि त्या माना हलताना मला जे वाटलं, ते सुटका झाल्यासारखं वाटलं. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

पुढचं गावानं केलं. पंक्चरवाला हरणं मारायला डोंगरावर येतो, विष्णूला, म्हणजे मला, उगाच पुढं करतो, असं बोललं जाऊ लागलं. वनखात्याची माणसं त्याच्या दुकानात आली, टायरांच्या चळतीमागं बघून गेली. काही सापडलं नाही. सापडायला काय होतं? पण चौकातल्या सगळ्यांनी बघितलं. आमच्या गावच्या गाड्या पंक्चर काढायला पुढच्या दुकानात जाऊ लागल्या. ढाब्यावरचे ड्रायव्हर त्याला शिकारी म्हणून हाका मारू लागले. त्याचा अंगठा वाकेनासा झाला. टायर रिमवरून सोडवायची पहार तो आता डाव्या हातानं दाबतो आणि उजव्या हातानं नुसता आधार देतो.

हाताची पट्टी सुटल्यावर रफिक एकदा रानाच्या कडेपर्यंत आला. ज्वारी तेव्हा पिकून पांढरी पडली होती. मी त्याला भाता दाखवला. का दाखवला, देव जाणे. खोटं पक्कं करायची खोड असते माणसाला. त्यानं डावा अंगठा त्या चिरेवरून वरून खाली फिरवला. ज्याचा जन्म रबर बघण्यात गेला, त्याला फाटलेलं कोणतं आणि कापलेलं कोणतं हे अंधारातसुद्धा कळलं असतं. त्यानं भाता माझ्या हातात परत दिला.

“ट्यूब चांगली हुती,” म्हणाला. आणि टेकडी उतरून गेला. पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतरचे सगळे हंगाम मी पाहुण्यांना हुरडा खाऊ घालत काढले. आगटी पेटायची, कणसं भाजायची, हाताला चटके बसायचे, कुणीतरी गाणं म्हणायचं. पहिलं कणीस मी बाहेर काढायचो आणि क्षणभर ते कुणाच्या हातात द्यायचं हे मला सुचायचं नाही. सुमन ते माझ्या हातून घेऊन ताटात ठेवायची. घाटातून ट्रकची धाप वर यायची. त्यातल्या एखाद्या ट्रकचं चाक खाली कुणी डाव्या हातानं सोडवलं असेल, असं मनात यायचं, आणि मी आगटीत आणखी एक गोवरी सरकवायचो. गप्प राहण्याची सवय होते. चिखलात रुतलेल्या चपलेसारखी ती असते. सोडून द्यावी तर अनवाणी व्हायला होतं, आणि ओढावी तर आवाज होतो.

यंदा तो आवाज करायची वेळ आली.

डुकरांनी गावाच्या तिन्ही बाजूंनी नासाडी केली, म्हणून देवळापुढच्या पारावर सगळे जमले. मचाणं बांधायची आणि रबरी बाणांनी डुकरं हाकलायची, असं ठरत होतं. आबांचा मुलगा दत्ता, आता तिशी ओलांडलेला बाप्या, त्यानं सगळी तयारी केली होती. माझा लिंब उंच, म्हणून पहिलं मचाण तिथंच, आणि तो स्वतः चढणार. त्यानं मोबाइलवरून मागवलेला नवा भाता पाठीवर अडकवून दाखवला. चकचकीत, पट्ट्यापट्ट्यांचा. पारावर गिरकी घेतली. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. शिडी त्याची बायको धरणार होती.

आबा म्हणाले, “मागल्या टायमाला त्या पंक्चरवाल्यानं भाता रद्दी केलता म्हणून घोटाळा झाला. ह्यो कंपनीचा हाय.”

मी दत्ताच्या पाठीवरच्या त्या बाणांकडं बघत होतो. माझं खोटं इतकी वर्षं एकाच माणसाला खात होतं, असा माझा समज होता. आता ते दुसऱ्या एका शिडीखाली उभं राहणार होतं. भाता फाटला असं मी सांगितलं, म्हणून गावानं धडा घेतला तो भाता भक्कम घ्यायचा. पाठीवर घ्यायचा नाही, हा धडा मी चिरून टाकला होता.

“भाता फाटला न्हवता,” मी म्हणालो.

“आता कावून उकरून काढतो ते?” आबा म्हणाले. “झालं गेलं.”

मी उकरून काढलं. खुरप्याचं पातं, उघडी पट्टी, दुबेळक्याशी वाकणं, विळा. रफिकनं डॉक्टरला काय सांगितलं, ते. मधे कुठं थांबलो नाही. मी संपवल्यावर दत्तानं जे विचारलं, त्यानं एरवी माझा सगळा धीर खचला असता. उलट मला बळ आलं.

“पर काका,” तो म्हणाला, “ह्यो फाटायचा न्हाई ना पण.”

“आरं, तवाबी फाटला न्हवता. न फाटताच सांडले. तेच तर सांगतोय.”

त्यानं भाता खांद्यावरून उतरवला. आबांना मात्र दुसरंच लागलं होतं. वनखात्याच्या कानावर गेलं तर तूच अडकशील, म्हणाले. मी म्हणालो, अडकीन. एवढी वर्षं माझ्या जागी तो अडकलाच आहे की. मग ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“आमी चारचौघांत त्याला शिकारी म्हनलो, ते तुज्या शब्दावर. आमाला खोटं पाडलंस. गावाची माफी माग आदी.”

“गावाची न्हाई मागणार,” मी म्हणालो. “मी आर्धंच खोटं बोललतो, आबा. लोखंडी बाण त्याचा, हे मी कदी म्हनलो न्हाई. तेवढं तुमीच जोडलं. तुमाला आवडलं म्हणून जोडलं.”

हे बोलून मी स्वतःचं ओझं हलकं करत नव्हतो. माझं माझ्यापाशी पुरेसं आहे. पण ज्यांनी माना हलवल्या, त्यांच्यापुढं मी हात जोडावेत, हे मला मान्य नव्हतं आणि नाही. माझ्या लिंबावर पाठीवर बाण बांधून कुणी चढणार नाही, एवढं सांगून मी पारावरून उतरलो. माझ्याबरोबर कुणी उठलं नाही. दत्ताची बायको देवळाच्या खांबाशी उभी होती. तिनं मला वाट करून दिली आणि नवऱ्याकडं बघितलं.

घरी सुमनला माझ्याआधी बातमी पोचली होती. मी भाता शोधायला लागलो, धान्याच्या कोठीमागं, जिथं मी तो लपवला होता. तिथं नव्हता. तिनं तो आपल्या पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. उंदीर कुरतडत्याल म्हणून ठेवलता, म्हणाली.

“तुला म्हाईत हुतं?”

“त्या दिवशी विळा मी घासलता,” ती म्हणाली. “काळा झालता. तुमी कदी सांगताव, त्याची वाट बघत हुते.”

ती वावरातून आणलेली कोवळी कणसं पिशवीत भरायला लागली, रफिकला हुरड्यासाठी. मी नको म्हणालो. कणसं दिसली की तो हसून घेईल आणि मला बोलावंच लागणार नाही. नुसता भाता घेऊन मी टेकडी उतरलो.

चौकात उन्हं तिरपी झाली होती. ढाब्यावर तडक्याचा वास सुटला होता आणि दुकानापुढं उसाचा एक ट्रक जॅकवर उभा होता. रफिकचे केस पांढरे झालेत. तो डाव्या हातानं पहार दाबत होता. माझ्या हातातला भाता त्यानं आधी बघितला, मग मला.

“पारावर बोललास म्हणं,” तो म्हणाला. चौकात बातमी ट्रकच्या आधी पोचते.

मी मान हलवली.

“तितं बोललास, त्येचं मला काय? मी तितं न्हवतो.”

त्यानं भाता घेतला, पाण्याच्या टाकीवरच्या खिळ्याला अडकवला आणि फिरवून चीर रस्त्याकडं केली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मग पुन्हा चाकाशी जाऊन बसला. मी उभा होतो. त्यानं मला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन ढाब्यावरून आला. माजलगावकडचा होता, नेहमीचा असावा. खिळ्याकडं बघून म्हणाला, “शिकारी, हे काय नवीन लावलं?”

रफिकनं पहार खाली ठेवली. न वाकणारा अंगठा माझ्या दिशेनं केला.

“ह्येला इचार.”

ड्रायव्हर माझ्याकडं वळला. ढाब्याच्या बाजांवरची माणसंही वळली. मी त्यांना सांगितलं, की हा शिकारी नाही आणि कधीच नव्हता. बाण माझा होता, खोटं माझं होतं, आणि ही चीर मी घातली आहे. मग मी त्यांच्याकडं पाठ केली आणि रफिकपुढं, जॅकच्या शेजारी, ग्रीसनं काळ्या झालेल्या जमिनीवर बसलो.

“तू इचारलतास, ह्यो कुठून आला,” मी म्हणालो. “मला म्हाईत हुतं, रफिक. मीच घातलता त्यो. मला माफ कर.”